माथ्याशी अडकलेला थेंब

माझ्या माथ्याशी, काचेच्या अगदी वरच्या टोकाला, एक चिमुकली पोकळी आहे. त्या पोकळीत पाऱ्याचा एक थेंब बसला आहे. खसखशीच्या दाण्यापेक्षा थोडा लहान. समोरून पाहिले तर तो दिसत नाही. मला खिडकीपाशी नेऊन जरा तिरके धरले, तरच कडेला एक चकचकीत ठिपका दिसतो. बाकीचा सगळा पारा माझ्या पायाशी असलेल्या फुग्यात आणि त्या फुग्यातून वर निघालेल्या केसाएवढ्या नळीत आहे. हा एकटाच त्याच्यापासून तुटून वर राहिला. तो तिथे असायला नको.

मित्रांनो, मी एक जुनी तापमापी आहे. काचेची, पाऱ्याची, वीतभर आणि वर चार बोटे उंच. उणे दहापासून एकशे दहापर्यंतच्या रेघा माझ्या अंगावर आहेत. तिशीतल्या दोन रेघा बोटे लागून लागून पुसट झाल्या आहेत. माझी गोष्ट ही एका भीतीची गोष्ट आहे, हे आधीच सांगून टाकते. काचेला कसली आली भीती, असे तुम्ही म्हणाल. पण जिला आयुष्यात एकदाच फुटता येते, तिला भीती असणारच. आणि मी सांगणार आहे ती भीती फुटण्याहूनही मोठी होती.

माझा जन्म एका लांबट शेडमध्ये झाला. तिथे दिवसभर आगीच्या निळ्या जिभा फुरफुरत असत. एका कारागिराने मला फुंकले, दुसऱ्याने माझ्यात पारा भरला, आणि शेवटी मी रेघा मारणाऱ्या बाईंच्या टेबलावर आले. त्यांनी मला आधी वितळत्या बर्फात उभे केले. पारा खाली खाली सरकत जिथे थांबला, तिथे त्यांनी खूण केली. मग उकळत्या पाण्याच्या वाफेत धरले. पारा जिथे थांबला, तिथे दुसरी खूण. पहिली शून्याची, दुसरी शंभराची. मधल्या सगळ्या रेघा या दोन खुणांच्या आधाराने मारल्या गेल्या. शेजारी काम शिकायला आलेल्या बाईला त्या सांगत होत्या, की हिला आडवी ठेवायची नाही, उलटी तर मुळीच नाही, आणि कधी जागा हलवलीच तर कामाला लावण्याआधी पुन्हा बर्फात बुडवून बघायची. पारा शून्यावर आला, तरच हिच्यावर विश्वास ठेवायचा.

तिथून मी एका प्रयोगशाळेत आले. लांबलचक इमारत, तिसरा मजला, खिडकीतून खाली गाड्या लावायची जागा दिसायची. खोलीला अल्कोहोलचा आणि वाळलेल्या मुळांचा वास होता. तिथे तीन माणसे होती. प्रयोगशाळा चालवणाऱ्या शास्त्रज्ञ बाई, त्यांच्या हाताखाली संशोधन करणारी एक तरुणी, आणि काचसामान धुणारे, आणणारे, लावणारे काका. काकांना सगळ्यांना टोपणनावे द्यायची खोड होती. ती तरुणी प्रत्येक वस्तू दोनदा तोलायची, म्हणून ती ‘तराजू’. मी ‘म्हातारी’. बाईंना मात्र ते तोंडावर बाईच म्हणत. पाठीमागे काय म्हणत, ते मला ठाऊक आहे, पण सांगणार नाही.

काम काय होते, ते सांगते. एका रानवेलीच्या मुळात सांध्यांची सूज उतरवणारा एक पदार्थ असतो. तो मुळात आहे, हे जुन्या लोकांनाही माहीत होते. पण मुळाच्या भुकटीतून तो जास्तीत जास्त, आणि तोच तेवढा, बाहेर कसा काढायचा, हे कुणाला नीट माहीत नव्हते. चहाचेच पाहा ना. पत्ती पाण्यात जेमतेम बुडवली तर चहा पांचट होतो, आणि उकळत ठेवली तर कडवट. बाई जे शोधत होत्या, ते या दोहोंच्या मधले नेमके ठिकाण होते. भुकटी किती बारीक असावी, अल्कोहोल किती आणि पाणी किती, किती तास ढवळायचे, आणि किती ऊब द्यायची. शेवटचा प्रश्न माझा होता.

तीन तोंडांचा एक गोल चंबू होता. एका तोंडातून ढवळणारी दांडी आत जायची, दुसऱ्यावर वाफ थंड करून परत आत सोडणारी नळी असायची, आणि तिसऱ्या तोंडातून मी. चार चार तास मी त्या तपकिरी द्रवात पाय बुडवून उभी राहायची. बाईंनी दोन वर्षांत त्र्याऐंशी प्रयोग केले. पन्नास अंशांवर किलोभर भुकटीतून हवा असलेला पदार्थ अकरा ग्रॅम निघाला. पंचावन्नला चौदा. साठला एकोणीस. पासष्टला एकोणिसाच्या किंचित वर. पण तिथे एक भलताच पदार्थ त्याच्याबरोबर बाहेर यायला लागला. तो पोटात गेला तर यकृताला त्रास देणारा होता. काकांनी लगेच बारसे केले. हवा असलेला तो ‘शहाणा’ आणि न बोलावता येणारा तो ‘आगाऊ’. मग बाईसुद्धा कधी कधी गंभीर चेहऱ्याने म्हणायच्या, की आगाऊ त्रेसष्टपर्यंत गप्प असतो, त्याच्यावर गेलं की उठतो.

शेवटी एक कागद भिंतीवर चिकटला. त्यावर लिहिले होते: ‘साठ अंश. चार तास. त्रेसष्टच्या वर एक क्षणही नाही.’

माझे ते सुखाचे दिवस होते. कुणी पाहुणे आले की बाई मला चिमटीत धरून उंच करायच्या आणि सांगायच्या, की ही आमची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात खरी. मध्येच एक नवे विजेवर चालणारे मापक आले होते. बाईंनी ते कपाटात ठेवले. त्यांचे म्हणणे असे, की त्र्याऐंशी आकडे हिच्या डोळ्यांनी पाहिलेत, पुढचेही हिच्याच डोळ्यांनी पाहिले म्हणजे एकाशी एक जुळतील. विचार चुकीचा नव्हता. फक्त त्यामुळे त्या खोलीत माझ्यावर लक्ष ठेवणारे दुसरे कुणी उरले नाही. दर तीन महिन्यांनी बाई मला बर्फात बुडवायच्या आणि नोंदवहीतल्या ‘शून्य’ या रकान्यात ‘बरोबर’ लिहून सही करायच्या. तेवढीच माझी तपासणी. ती मला आवडायची. गार वाटायचे, पण आपण खऱ्या आहोत हे कळायचे.

पहिल्या तीन बॅचेस नीट झाल्या. द्रव गाळून, आटवून, त्याची पिवळसर भुकटी कॅप्सूलमध्ये भरली गेली आणि गुडघे धरलेल्या एकोणचाळीस माणसांना एका रुग्णालयातून ती चाचणी म्हणून मिळू लागली. त्या एकोणचाळिसांत बाईंच्या थोरल्या ताई होत्या. बाईंना ते नको होते. पण ताई परस्पर रुग्णालयात गेल्या, रांगेत बसल्या आणि नाव घालून आल्या. भिंतीला हात लावल्याशिवाय जिना चढता न येणारी बाई ती. तिला अडवणार तरी कोण.

मग आमची जागा हलली.

तिसऱ्या मजल्यावरचे नळ फुटले आणि सगळी प्रयोगशाळा एका दिवसात तळमजल्यावर न्यायची ठरली. माझी लाकडी पेटी आधीच कुठल्याशा खोक्यात बांधली गेली होती. काकांनी मला टॉवेलमध्ये गुंडाळले आणि ट्रॉलीच्या खणात आडवे ठेवले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. टॉवेल स्वच्छ होता, घडी मऊ होती. पण लिफ्टमधून बाहेर पडल्यावर एक उतार होता. तिथे ट्रॉली पुढे पळाली आणि काका तिच्यामागे. दारात चाक आपटले. खण पुढे झुकला आणि माझा फुगा वर, डोके खाली झाले. अंगातला पारा सरसर माथ्याकडे धावला. पुन्हा उभी केल्यावर तो परत आला. सगळा आला नाही.

मला ते लगेच कळले. दात पडल्यावर जीभ जशी त्या रिकाम्या जागेकडे जाते, तसे माझे लक्ष सारखे त्या थेंबाकडे जाऊ लागले. माझ्या नळीतला पारा आता चार रेघा बुटका होता. याचा अर्थ, मित्रांनो, नीट समजून घ्या. चौसष्ट अंशांची ऊब असेल तेव्हा मी साठ दाखवणार होते.

काका बाईंना सांगून आले, की म्हातारी सुखरूप पोचली. मला भीती वाटली, पण ती छोटी होती. आता बर्फ येईल, पारा शून्याच्या खाली जाईल, बाई कपाळाला आठ्या घालतील, मला हळूहळू तापवतील, पारा वरपर्यंत चढून त्या थेंबाला भेटेल आणि त्याला घेऊन खाली येईल. असे करता येते. पण बर्फ करायचे यंत्र अजून नळाला जोडलेले नव्हते. प्लंबर परवा येणार होता, आणि रुग्णालयाला चौथी बॅच गुरुवारी हवी होती. बाईंनी नोंदवही उघडली. ‘जागा बदलली’ असे लिहिले. ‘शून्य’च्या रकान्यापाशी त्यांचा हात थांबला. पेनचे टोपण त्यांनी बोटांत दोनदा फिरवले. मग त्यांनी ‘बरोबर’ लिहिले आणि खाली सही केली. परवा प्लंबर आला की लगेच बघू, असे त्यांच्या मनात असणार. परवा प्लंबर आला. तोवर चौथी बॅच अर्धी झाली होती आणि दुसरी शंभर कामे होती.

त्या चौथ्या बॅचचा दिवस मी विसरू शकत नाही. तराजूने बटण फिरवत फिरवत ऊब वाढवली. माझ्या फुग्याला साठ जाणवले तेव्हा माझा पारा छप्पन्नवर होता. ती म्हणाली, अजून थोडं. एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्ट. मी त्या रेघांकडे असे पाहत होते, जसे कुणी गच्चीच्या कठड्याकडे सरकणाऱ्या मुलाकडे दुरून पाहावे. चौसष्ट. माझा पारा साठवर येऊन थांबला, आणि तराजूने समाधानाने मान हलवून वेळ लिहून घेतली. ओरडावे तर मला तोंड नाही. मी जे बोलते ते फक्त पाऱ्याने बोलते, आणि माझा पाराच खोटे सांगत होता. चार तास मी तिथे उभी होते. माझ्या पायाशी भुकटीतून आगाऊ उठत होता, विरघळत होता, पसरत होता. मला तो दिसत होता आणि कुणालाच दिसत नव्हता.

द्रव गाळताना तराजू म्हणाली की रंग जरा गडद आलाय. बाई म्हणाल्या, मुळांचं पोतं नवीन आहे. पदार्थ मोजणाऱ्या यंत्राच्या आलेखावर शहाण्याच्या उंच टोकाला चिकटून एक लहानसा उंचवटा आला होता. तराजूने तोही दाखवला. बाई म्हणाल्या, यंत्र हलवलंय, स्थिरावेल. तीन आठवड्यांत तीन बॅचेस झाल्या, चौथी, पाचवी आणि सहावी. तिन्ही वेळा मी साठ दाखवले.

पुढच्या महिन्यात रुग्णालयातून डॉक्टरांचा फोन आला. एकोणचाळिसांपैकी चौघांना मळमळ होती, थकवा होता, आणि रक्त तपासल्यावर यकृत बिघडल्याचे दिसत होते. पण शहरात तेव्हा खराब पाण्यामुळे कावीळ पसरली होती. औषध न घेणारी माणसेही आजारी पडत होती. डॉक्टर म्हणाले, घाबरायचं कारण नाही, तरी तुमच्याकडे एकदा सगळं बघून घ्या.

मग शोध सुरू झाला, आणि त्यात सगळ्यात जास्त हाल तराजूचे झाले. तिने पोत्यातली मुळे एकेक करून पाहिली. अल्कोहोल तपासले. चाळणी उजेडात धरून तिची भोके मोजली. एकच वजन तिने काट्यावर चाळीस वेळा ठेवले. डबा उघडायची आणि तसाच बंद करायची. काका म्हणाले, अगं, तराजूनं स्वतःलाच किती तोलायचं. पण त्यांनाही हसू आले नाही. एवढ्या शोधात माझ्याकडे कुणी पाहिले नाही. दुसऱ्यांची ऊब मोजायला मी होते. माझी चौकशी कोण करणार?

एका दुपारी तराजू आणि काका जेवायला गेल्यावर बाई एकट्याच आत आल्या. त्यांनी दार लोटून घेतले. एका चंचुपात्रात बर्फ भरला, थोडे पाणी घातले, ढवळले आणि मला त्यात उभे केले. मी खाली जाऊ लागले. दहा, पाच, दोन, शून्य. आणि शून्यावर थांबले नाही. उणे चारला थांबले.

त्यांनी मला बाहेर काढले, पुसले, पुन्हा बुडवले. पुन्हा उणे चार. मग मला खिडकीपाशी नेऊन तिरके धरले आणि त्यांना तो ठिपका दिसला. त्या स्टुलावर बसल्या. किती तरी वेळ बसून राहिल्या. मला वाटले, आता सुटले. आता या उठतील आणि फोन करतील. त्या उठल्या. त्यांनी बर्फ मोरीत ओतला, वर गरम पाणी सोडले, आणि शेवटचा खडा विरघळेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. चंचुपात्र पुसून जागेवर ठेवले. मला स्टँडमध्ये लावले. दार उघडले.

मित्रांनो, त्याआधी मला भीती होती ती कुणालाच कळणार नाही याची. आता कळले होते, आणि भीती दुप्पट झाली होती.

दहा दिवस बाई गप्प होत्या. त्या वाईट होत्या म्हणून नव्हे. मी त्यांना जवळून पाहिले आहे. सातवी बॅच सुरू करायची वेळ आली तेव्हा त्यांनी तराजूला भुकटी पुन्हा चाळायला सांगितली. ती चाळून झाली तर म्हणाल्या, अल्कोहोलची नवी खेप येऊ दे. म्हणजे माझ्या आकड्यावर त्यांना आणखी एकही कॅप्सूल बनवायची नव्हती. पण बनलेल्या कॅप्सूल रोज सकाळी आणि दुपारी एकोणचाळीस माणसांच्या पोटात जात होत्या. बाई डॉक्टरांना पत्र लिहायला बसायच्या, चार ओळी लिहायच्या आणि पुसून टाकायच्या. एकदा फोनवर त्यांनी नुसते विचारले, की मात्रा थोडी कमी करायची का. डॉक्टर म्हणाले, शुक्रवारचे अहवाल येऊ द्या. बाईंनी फोन ठेवून असा श्वास सोडला, की जणू कुणी त्यांना चार दिवस उसने दिले. नोंदवही त्या रोज उघडायच्या, त्या ‘बरोबर’वर बोट ठेवायच्या आणि मिटायच्या. ते अक्षर त्यांचे होते. गप्प राहायला तेवढेच पुरेसे होते.

आठव्या दिवशी दुपारी ताई आल्या. बाई घरी चष्मा विसरल्या होत्या, तो द्यायला. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. त्या दारातच थबकल्या, मग बाईंच्या स्टुलावर बसल्या. त्यांच्या डोळ्यांचा पांढरा भाग जुन्या वहीच्या कागदासारखा झाला होता.

“चिमे, तुझ्याकडे पंखा आहे की नाही?” त्या म्हणाल्या. “दोन पायऱ्या चढले तर दम लागला. गुडघे बरे झाले आणि बाकीची मी बिघडले, असं झालंय.”

बाईंनी पंखा लावला. ताई बोलतच राहिल्या. जेवण नको वाटते, झोप येत राहते, सून म्हणते अंग पिवळं दिसतंय आणि नातू म्हणतो, आजी पिकली. डॉक्टर म्हणाले होते की हवं तर थांबवा.

“मी म्हटलं त्यांना,” ताई म्हणाल्या, “दुसऱ्या कुणाचं औषध असतं तर केव्हाच टाकून दिलं असतं. हे आमच्या चिमीचं आहे. ती भाजीत मीठसुद्धा मोजून घालते. घरात कुणाला आवडत नाही, पण चुकत नाही ती.”

बाईंनी टेबलाची कड धरली होती. ताईंनी पर्समधून डबी काढली. दुपारच्या गोळीची वेळ झाली होती.

“ताई, आत्ता राहू दे,” बाई म्हणाल्या.

“का गं?”

बाईंचे ओठ उघडले. मी स्टँडमध्ये उभी होते, त्यांच्या खांद्यापासून हातभर अंतरावर. माझ्या आयुष्यात मी कशाची इतकी वाट पाहिली नव्हती.

“काही नाही,” त्या म्हणाल्या. “जेवली आहेस ना?”

“वेळ म्हणजे वेळ, तूच सांगितलं होतंस. पाणी दे.”

आणि बाईंनी पाणी दिले. ताईंनी कॅप्सूल जिभेवर ठेवली, मान मागे टाकली आणि गिळली. ग्लास परत करताना त्या म्हणाल्या, हात किती गार पडलाय तुझा. मग चष्मा टेबलावर ठेवून, भिंतीला हात न लावता, पण फार सावकाश, त्या निघून गेल्या. बाई मोरीपाशी गेल्या आणि तो ग्लास धुऊ लागल्या. धुऊन झाला तरी धुतच राहिल्या.

मित्रांनो, मी एक वस्तू आहे. मला कुणाला शहाणपण शिकवायचा अधिकार नाही, त्यातून मी स्वतः खोटी ठरलेली. पण एक मागणे मागते. ज्याच्यावर तुमचा सगळ्यात जास्त विश्वास आहे, त्यालाही अधूनमधून बर्फात बुडवून बघत जा. त्यात त्याचा अपमान होत नाही. मला तर गार बर्फातच धीर यायचा. काच हलवाल तर उभी हलवा. आणि वहीत ‘पाहिले’ असे लिहिण्याआधी खरोखर पाहा. बर्फ नसेल तर रकाना रिकामा सोडा. रिकामा रकाना पाहून कुणीतरी विचारतो. भरलेल्याला कुणी विचारत नाही.

शुक्रवार उजाडला. सकाळी अकराला डॉक्टरांचा फोन आला. बाईंनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. तराजू आणि काका दोघेही जवळ उभे राहिले. डॉक्टरांचा आवाज थकलेला होता. चौघांचे आता सात झाले होते. एका बाईंना, वय एकसष्ट, काल संध्याकाळी दाखल करून घ्यावे लागले होते. बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. डॉक्टर पुढे म्हणाले, की नाही, तुमच्या ताई नाहीत; पण त्यांचेही आकडे वाढलेत. पाण्यामुळे असेल किंवा औषधामुळे, त्यांना अजून सांगता येत नव्हते. आज चार वाजता पुढच्या दोन आठवड्यांच्या कॅप्सूल वाटायच्या होत्या. माणसे दुरून येणार होती. तुमच्या बाजूने काही सापडले का, एवढेच त्यांना हवे होते. सापडले नसेल तर ते वाटप करणार होते.

बाई फोनकडे पाहत होत्या. मग तराजू पुढे झाली.

“डॉक्टर, मला वाटतं माझ्याकडून झालंय. पाचव्या बॅचला मी चाळणी बदलली होती. भुकटी बारीक झाली असेल. मी लिहून ठेवलं नाही बहुतेक. मला आठवत नाही, पण दुसरं काही सापडतच नाहीये.”

“तू चाळणी बदलली नव्हतीस,” काका हळूच म्हणाले. “मीच धुऊन दिली होती, तीच होती.”

“मग मी काहीतरी केलं असेल,” तराजू म्हणाली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

डॉक्टर म्हणाले, चाळणीच्या संशयावर ते वाटप थांबवू शकत नाहीत. मध्येच थांबवले तर सगळी चाचणी बाद होईल, दोन वर्षांचे काम जाईल. काही ठोस असेल तर सांगा.

बाई उठल्या. त्यांनी मला स्टँडमधून काढले आणि मुठीत धरले. इतक्या घट्ट, की मला वाटले मी आता मोडणार, आणि खरे सांगते, तेव्हा मला मोडायची भीती वाटली नाही. त्यांच्या तळहाताची ऊब तेहेतीस अंश होती. मी एकोणतीस दाखवत होते. त्यांच्या मनगटाची शीर माझ्या काचेवर उडत होती.

“वाटप करू नका, डॉक्टर,” बाई म्हणाल्या.

“कारण?”

“आमची तापमापी चार अंश कमी दाखवते. चौथ्या बॅचपासून. आम्ही साठ समजून चौसष्टला काम केलं. त्यामुळे जो पदार्थ यायला नको, तो आला आहे. आलेखावर दिसत होता, मी बघितलं नाही.”

तराजूने चेहऱ्यावरचा हात खाली घेतला.

“खात्री आहे?” डॉक्टरांनी विचारले. “जागा बदलल्यावर तुम्ही ती तपासली होती ना? तुमच्या सहीची प्रत माझ्याकडे आहे.”

“तपासली नव्हती. न तपासता मी बरोबर लिहिलं आणि सही केली. बर्फ नव्हता. नंतर तपासली. दहा दिवस झाले, मला हे माहीत आहे.”

काकांनी खुर्ची सरकवून बाईंच्या मागे आणली, पण त्या बसल्या नाहीत. मग डॉक्टरांनी विचारले, की हे लेखी द्याल का, आणि दिल्यावर काय होईल याची तुम्हाला कल्पना आहे का.

“आहे,” बाई म्हणाल्या. “लेखी तासाभरात पाठवते, पण त्याची वाट बघू नका. सगळ्यांना आत्ताच फोन करा, दुपारची गोळी घेऊ देऊ नका. अडतीस जणांना तुम्ही सांगा. माझ्या ताईला मी सांगते.”